चौऱ्याहत्तरवर अडलेला काटा

दीपमालाताईंचं वजन पुन्हा दोन किलोनं उतरलं, ही बातमी सादियाला जिन्यातच कळली आणि हातातली भाजीची पिशवी तिला एकदम जड वाटायला लागली.

"बासष्ट भरले, भाभी," दीपमालाताई वरच्या पायरीवरून म्हणाल्या. "तुमचं काय म्हणतं?"

"बघितलं न्हाई अजून," सादिया म्हणाली.

हे खरं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मेडिकलमधल्या काट्यावर उभी राहूनच ती आली होती. काटा चौऱ्याहत्तरवर गेला होता आणि तिथंच थांबला होता. मागच्या रविवारीही तो तिथंच थांबला होता, त्याच्या आधीच्या रविवारीही. दुकानदारानं आता तिच्याकडे बघून नुसती मान हलवायला सुरुवात केली होती, आणि ते तिला काट्यापेक्षाही जास्त लागत होतं.

दोघीही मूळच्या लातूरच्या नव्हत्या. सादिया हिमायतनगरची, तिच्या नवऱ्याचं, यासेरचं, तिथं कापडाचं दुकान. दीपमालाताई जळकोटकडच्या, त्यांचे यजमान व्यंकटराव शेती बघत. सादियाची जिक्रा आणि दीपमालाताईंचा बसवंत दोघंही सीईटीच्या क्लाससाठी लातूरला आलेले, आणि लेकरांना वेळेवर ताजं जेवण मिळावं म्हणून दोघी आयांनी तिसऱ्या मजल्यावर शेजारशेजारच्या खोल्या घेतलेल्या. इमारत रामलिंगअप्पांची. भूकंपानंतर त्यांनी जुनं दगडामातीचं घर पाडून ही बांधली होती, आणि खांब किती जाड आहेत ते प्रत्येक भाडेकरूला हात लावून बघायला लावत. जिना किती उभा आहे, ते मात्र भाडेकरूलाच आपलं आपण कळत असे.

लेकरं सकाळी क्लासला गेली की संध्याकाळपर्यंत दोघींना काम नव्हतं. बसून बसून अंग सुटायला लागलं, तेव्हा जवळच्या मैदानावर चालायला जायचं सादियानंच काढलं. कल्पना तिची. दीपमालाताई नुसत्या मागून आल्या, आणि काटा मात्र त्यांचाच उतरायला लागला. लेकरांच्या मार्कांवरून सादियाला कधी एवढं लागलं नव्हतं. जिक्राला कमी पडले तर ते जिक्राचे. हे चौऱ्याहत्तर किलो तिचे स्वतःचे होते.

आधी तिला मेडिकलच्या काट्याचाच संशय आला. म्हणून ती दळण घेऊन गिरणीत गेली आणि गिरणीवाला पट्टा चढवायला आत वळला तसा डबा घेऊनच तिथल्या काट्यावर चढली. मग डबा वेगळा ठेवून वजा केला. चौऱ्याहत्तरच.

त्याच सुमाराला इमारतीची मोटर जळाली. वरच्या टाकीत पाणी चढेना. रामलिंगअप्पा रोज उद्या मिस्त्री येतोय म्हणत, आणि सगळे भाडेकरू खालच्या हौदातून पाणी वर नेत. तिसऱ्या मजल्यावरच्यांचे हाल सगळ्यांत जास्त. एके सकाळी दीपमालाताई दोन्ही हातांत बादल्या घेऊन वर आल्या, धापा टाकत हसल्या आणि म्हणाल्या, "चालण्यापेक्षा ह्याचाच फायदा जास्त होईल बगा, भाभी."

हे ऐकलं आणि सादियाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुसऱ्या दिवशी दीपमालाताई उठायच्या आत तिनं त्यांच्या दारातल्या रिकाम्या बादल्या उचलल्या आणि भरून आणून ठेवल्या. दीपमालाताईंनी विचारलं तर म्हणाली, "तुमची कंबर नाजूक हाय, ताई. तुमी बसा. मी आणत जाईन."

बसा, हा शब्द तिनं मनापासून उच्चारला होता.

तेव्हापासून दोन्ही घरांचं पाणी सादिया भरायला लागली. इमारतीत तिचं नाव झालं. रामलिंगअप्पा तर येईल त्याला सांगायचे की शेजार असावा तर असा. सादियाला त्या कौतुकाचं काही नव्हतं. तिचं लक्ष रविवारकडे होतं. रविवारी दीपमालाताई साठ भरल्या, आणि त्यांनी विचारल्यावर सादियाला आपले चौऱ्याहत्तर सांगावेच लागले.

मग सादियानं दुसरा उपाय केला. दीपमालाताईंच्या घरात मांसमच्छी चालत नसे, पण गोडाला काय हरकत. तिनं नव्या पातेल्यात तूप सोडून शीरखुर्मा केला, खारका-बदाम हात न राखता घातले, आणि मोठा डबा भरून शेजारी दिला. दोन दिवसांनी डबल का मीठा. मग गाजराचा हलवा. दीपमालाताईंचे डोळे भरून यायचे. त्या म्हणायच्या, माहेरच्यांनी कधी एवढं केलं नाही.

पण दीपमालाताई स्वतः त्यातलं बोटभरही चाखत नव्हत्या. सगळं बसवंत खायचा. डबाभर गोड खाऊन पोरगा क्लासला जायचा आणि फिजिक्सच्या तासाला भिंतीला टेकून गाढ झोपायचा. चाचणीत त्याचे मार्क घसरले. दीपमालाताईंनी हाय खाल्ली. त्यांनी सिद्धेश्वराचे सोमवार धरले, मग गुरुवारही धरला, आणि बाकीच्या दिवशी जेवण जाईनासं झालं. रविवारी त्या सत्तावन्न भरल्या.

सादियानं ते ऐकलं आणि घरी येऊन पुढच्या गोडासाठी खुबानी, म्हणजे सुके जर्दाळू, भिजत घातली.

ह्या सगळ्यात तिच्याकडे तिचं स्वतःचं लक्ष नव्हतं. गुडघे दुखायचे थांबले होते, ते लातूरची हवा मानवली म्हणून. दोन भरल्या बादल्या घेऊन ती तीन मजले चढायची आणि वर पोचल्यावर न थांबता जिक्राला हाक मारायची, ते आता सवय झाली म्हणून. सलवारीची नाडी रोज थोडी जास्त ओढावी लागे, तेव्हा तिनं हिमायतनगरच्या शिंप्याला मनातल्या मनात नावं ठेवली. आणि ज्या रविवारी पुढचं सगळं घडलं, त्या दिवशी सकाळी धुतलेला एकही ड्रेस नव्हता म्हणून तिनं जिक्राचा ड्रेस अंगात घातला. तो बसला. सादिया काळजीत पडली. पोरगी बसून बसून जाड व्हायला लागली, हिलाही चालायला न्यावं लागणार.

लेकरं चाचणीला गेली होती. सादिया बादल्या घेऊन वर आली तर दीपमालाताई दाराबाहेर जिन्याच्या तोंडाशी आडव्या पडलेल्या. तोंड पांढरंफटक. तिनं पाणी मारलं, हाका मारल्या. दीपमालाताईंनी डोळे अर्धवट उघडले आणि पुन्हा मिटले. आवाज ऐकून रामलिंगअप्पा वर आले आणि कठड्याला धरून म्हणाले की चार माणसं बोलवावी लागतील, खाटेवर घालून न्यावं लागेल, पण रविवारी माणसं मिळायची कुठं.

"तुमी चप्पल घ्या त्यांची," सादिया म्हणाली.

तिनं एक हात पाठीखाली घातला, एक गुडघ्यांखाली, आणि दीपमालाताईंना उचललं. बुरखा घालायला वेळ नव्हता. ओढणी डोक्यावरून आधीच घट्ट गुंडाळलेली होती, तशीच ती जिना उतरायला लागली. मागून अप्पा चपला घेऊन, धापा टाकत. पहिल्या वळणावर तिला भीती वाटत होती. दुसऱ्या वळणावर, खरं सांगायचं तर, तिच्या मनात आलं, किती हलकी झाली ही बाई. आणि तशाही वेळी तिला ते खुपलं.

रिक्षातून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, सलाईन लावलं आणि ते सादियालाच रागावले. उपास करून करून बाईंच्या अंगातली ताकद गेली आहे, असं वजन उतरवून काय मिळवलं, आता महिनाभर नीट जेवायला घाला. सादियानं मान खाली घालून सगळं ऐकलं. मग तिला राहवलं नाही. कोपऱ्यात काटा होता. तिनं विचारलं, मी जरा उभी राहू का.

चौऱ्याहत्तर.

डॉक्टरांनी काट्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "ह्यांना तिसऱ्या मजल्यावरून तुम्हीच उचलून आणलं ना?"

"हाव."

"दम लागला का?"

सादियानं आठवून बघितलं. दम लागल्याचं आठवत नव्हतं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं की तिच्या अंगावरची चरबी गेली आणि ओझी वाहून वाहून तिथं स्नायू आले. चरबीपेक्षा स्नायू जड असतात. म्हणून कंबर उतरली तरी काटा जागचा हलला नाही. सादियानं मान डोलवली, पण मनातून तिला ते पटलं नाही. दीपमालाताईंचा काटा हलतो, आपलाच हलत नाही, आणि वर हे समजूत काढून राहिले.

दुपारी दीपमालाताईंना हुशारी आली. सादिया उशाशी बसली होती. दीपमालाताईंनी तिचा हात धरला आणि छताकडे बघत बोलायला लागल्या.

"भाभी, एक सांगू का. मी तुमच्यावर लई जळून राहिले होते."

सादियाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"तुमी पाण्याचं काम माझ्याकडून काढून घेतलं, तवाच मला वाटलं, ह्या एकट्याच बारीक होऊन राहिल्या. रोज तुमची कंबर बगायची मी. तुमी चौऱ्याहत्तर म्हणायच्या आन् दिसायला मातर पोरीवानी. वाटायचं, ह्या खोटं सांगतात. म्हणून मी जेवण तोडलं. त्याच्याहून वाईट म्हणजे, तुमी गोड पाठवायच्या ना, तर मला वाटायचं, मला जाड करायला पाठवून राहिल्या. असलं घाणेरडं मन माझं. आन् तुमीच मला उचलून आणलं. माफ करा मला."

सादियाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. खरं बोलून टाकावं, असं तिला एकदा वाटलं. पण समोर सलाईन लावलेली बाई, तिला आता काय त्रास द्यायचा.

"असं कोण करतं का, ताई," ती म्हणाली आणि त्यांच्या अंगावरची चादर उगीचच सारखी केली.

तेवढ्यात व्यंकटराव जळकोटहून आले. नवरा-बायकोला बोलू द्यावं म्हणून सादिया बाहेर आली आणि पडवीच्या टोकाला, खिडकीपाशी, पाठमोरी उभी राहिली. तिला फार हलकं वाटत होतं. दोन महिने जिच्यावर आपण जळलो, ती आपल्यावर जळत होती. ह्याच्याएवढं औषध तिला कुणीच दिलं नसतं. दीपमालाताईंचं वजन आता पन्नासवर आलं तरी तिला चाललं असतं. उलट उद्यापासून त्यांना समोर बसवून जेवू घालायचं, तेही खऱ्या मनानं, असं तिनं ठरवलं.

इकडे रामलिंगअप्पांनी घाबरून दोन्ही घरी फोन केले होते. यासेर माल घ्यायला नांदेडला गेला होता. अप्पांनी गडबडीत त्याला एवढंच सांगितलं, तुमच्या मंडळी दवाखान्यात आहेत, आणि फोन ठेवला. यासेर मिळेल त्या जीपनं निघाला. ईदेनंतर तीन महिने त्यानं बायकोला पाहिलं नव्हतं. तो घामाघूम होऊन पडवीत शिरला. समोर कुणी नर्स दिसेना. खिडकीपाशी एक सडपातळ बाई उभी होती.

"ताई, जरा तकलीफ देतो," तो म्हणाला.

सादियानं आवाज ओळखला. ती वळणारच होती, पण त्या आवाजातली नरमाई तिनं गेल्या अठरा वर्षांत ऐकली नव्हती. ती तशीच उभी राहिली.

"माझी घरवाली हाय हितं. कोणत्या खोलीत ठेवलं, तुमाला ठाव हाय का?"

सादियानं ओढणी पुढे ओढली आणि बारीक आवाजात विचारलं, "कशी हाय दिसायला?"

"दिसायला चांगली हाय," यासेर म्हणाला.

सादियाला बरं वाटलं.

"पण अंगानं भरलेली. तुमच्यावानी न्हाई, तुमच्या दीडपट तरी धरा. आन् आवाज लई मोठा. ठीक असती तर गेटापर्यंत ऐकू आला असता. आला न्हाई, म्हणून तर जीव घाबरून राहिला माझा." आणि मग, अजून मऊ आवाजात, "तुमी कामून उभ्या, ताई? तिकडं बाक हाय. बसा ना. पाणी देऊ का?"

सादिया वळली.

 यासेरच्या हातातली पिशवी जमिनीवर टेकली. "सादिया?" तो म्हणाला. "अगं, अर्धी झालीस की तू."

हे वाक्य ऐकण्यासाठी तिनं दोन महिने जिवाचं रान केलं होतं. पण ते ऐकायला तिला आता सवड नव्हती.

"ते राहू द्या," ती म्हणाली. "आधी सांगा, ती कोण होती, जिला पाणी देऊन राहिले होते?"

"तूच की."

"मी हाय हे तुमाला कुठं ठाव होतं?"

 यासेरनं बरीच समजूत घातली. माणुसकी म्हणून विचारलं, चेहरासुद्धा बघितला नाही, ताई म्हणालो ना, जी होती ती शेवटी तूच निघालीस, मग भांडण कशाचं. सगळं सरळ होतं, आणि सादियाला त्यातलं एकही उत्तर खोडता येत नव्हतं. म्हणून तर ती जास्त चिडली. मला कधी पाणी विचारलं, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

संध्याकाळी दीपमालाताईंना घेऊन सगळे घरी निघाले तेव्हा सादिया रिक्षात त्यांच्याशी लई प्रेमानं बोलली. यासेरशी एक शब्दही बोलली नाही. दीपमालाताईंचा हेवा तिच्या मनातून धुऊन निघाला होता. आता तिचं डोकं फिरलं होतं ते खिडकीपाशी उभ्या असलेल्या त्या बारीक बाईवर, आणि तिच्याशी भांडायला जायचं तर नेमकं कुठं जायचं, तेच तिला कळत नव्हतं.