चव्वेचाळीस पोटांचं वर्षश्राद्ध

थेमिसने त्या रविवारी स्वतःचं डोकं चालवलं आणि तिथूनच सगळं बिघडलं.

ठरवलं होतं एवढंच, की बसच्या दोन फेऱ्यांऐवजी एकच फेरी मारायची. सासूबाईंचा, म्हणजे सेवास्तीबाईंचा, हुकूम वेगळा होता.

"पहिली फेरी फक्त थाळ्याची," त्यांनी आदल्या दिवशी बजावलं होतं. "थाळा मांडीवर घेतल्यासारखी बस चालव. साखरेला चीर गेली तर डोंगरावरून खाली येऊ नकोस. तिथेच मठात राहा आणि दाढी वाढव."

थाळा कोलिव्हाचा होता. उकडलेला गहू, त्यात बेदाणे, बदाम, डाळिंबाचे दाणे आणि दालचिनी. वर पिठीसाखरेचा बोटभर थर, त्यावर चांदीच्या वर्खाच्या गोळ्यांचा क्रूस आणि क्रूसाखाली कॅप्टन स्टामाटिस यांची आद्याक्षरं. कॅप्टन म्हणजे थेमिसचे सासरे. त्यांना जाऊन त्या दिवशी वर्ष होत होतं. आधी प्रार्थना व्हायची, मग जमलेल्या प्रत्येकाने मूठभर कोलिव्हा खायचा आणि म्हणायचं, "देव त्यांना क्षमा करो." जितकी तोंडं म्हणतील, तितका गेलेल्याचा भार हलका.

अडचण होती ती तोंडांचीच. कॅप्टन हयातभर भांडले. न्हाव्याशी, पाववाल्याशी, शेजारच्या अंजिराच्या झाडाशी. बंदरावरचं घड्याळ आपल्यापेक्षा चार मिनिटं मागे आहे म्हणून त्यांनी अकरा वर्षं त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. सासूबाई आमंत्रण द्यायला घरोघरी गेल्या, आणि त्या एका आठवड्यात अख्ख्या बंदराचे गुडघे दुखायला लागले. म्हणूनच त्यांनी खालचं देऊळ सोडून डोंगरमाथ्यावरचा मठ धरला. वर कुणी आलं नाही, तर निदान चढाला दोष देता येतो.

गहू निवडताना त्या बोटांवर मोजत होत्या, ते थेमिसने पाहिलं होतं. "मी, अर्गिरो, तू आणि मठातले फादर. चार." मग त्यांनी हात खाली ठेवला. "निदान दहा तरी हवीत रे. चार तोंडांत त्यांचा एक मंगळवारसुद्धा माफ व्हायचा नाही."

थेमिसला काहीतरी धीराचं बोलायचं होतं, पण तो बोलला नाही. तो कधीच बोलायचा नाही. (कॅप्टनच्या घरचा जावई, आणि त्याला धक्क्याला बांधलेल्या होडीतसुद्धा मळमळायचं. म्हणून तो बस चालवायचा. अशा माणसाने त्या घरात काय बोलायचं?)

तर रविवारी पहाटेच सासूबाई आणि थेमिसची बायको अर्गिरो शेजाऱ्याच्या टेम्पोतून वर गेल्या. थेमिस मात्र नऊ वाजता बंदरात आलेल्या मोठ्या जहाजातले चव्वेचाळीस पाहुणे घेऊन निघाला. मठाची सहल ही दर रविवारची. थाळा त्याने आपल्या सीटच्या मागे उशीवर ठेवला. सतरा वळणं तो श्वास रोखून चढला. साखरेला केसाएवढीही चीर गेली नाही. वर पोचल्यावर तो स्वतःशीच हसला. एवढं हसायला नको होतं.

मठाचं देऊळ लहान. अथेन्सहून आलेली गाईड मिर्सिनी अर्धे पाहुणे घेऊन आत गेली आणि उरलेल्यांना सावलीत थांबायला सांगून गेली. बस तापत होती. साखर पाघळेल म्हणून थेमिसने थाळा बाहेर काढला आणि दारापाशी तुतीखालच्या दगडी कट्ट्यावर ठेवला. शेजारी वाटपाच्या कागदी पिशव्या ठेवल्या, चमचे ठेवले.

आता गंमत अशी, की त्याच कट्ट्यावर एरवी भिक्षू पाहुण्यांसाठी गोड वड्या आणि गार पाणी ठेवतात. मिर्सिनीने ते बसमध्ये सगळ्यांना रंगवून सांगितलंही होतं. त्या दिवशी वड्या अजून बाहेर यायच्या होत्या.

लाल टोपीवाल्या एक आजीबाई पुढे आल्या. त्यांनी थाळ्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या तोंडाकडे, आणि मान तिरकी करून थेमिसकडे पाहिलं. खाऊ का?

ह्या ग्रीक बेटावर 'नाही' म्हणायला कुणी तोंड उघडत नाही. हनुवटी वर, भुवया वर, संपला विषय. दोन वर्षांचं पोरही ते समजतं. थेमिसने हनुवटी वर केली.

आजीबाई आनंदाने हसल्या आणि त्यांनी चमचा क्रूसाच्या उजव्या हातात खुपसला.

थेमिसने हनुवटी आणखी जोरात उडवली. दुसरे दोघे पुढे आले. त्याने भुवया टोपीत जातील इतक्या चढवल्या, हनुवटी चारदा, पाचदा, सहादा उडवली. ते पाहून मागचे सगळे धावले. इतक्या अगत्याने आग्रह करणारा माणूस त्यांनी सबंध सफरीत पाहिला नव्हता! एकाने तर त्याची पाठ थोपटली. तेवढ्यात आतले बावीस बाहेर आले आणि बाहेरचे चमचे पुसून त्यांच्या हातात देऊ लागले.

त्यांच्या पाठोपाठ फादर इग्नातिओस, सासूबाई आणि अर्गिरो थाळा न्यायला बाहेर आले.

थाळ्यात एक कोपरा उरला होता. त्यात कॅप्टनचं अर्धं आद्याक्षर होतं.

"जावई," सासूबाई अगदी हळू म्हणाल्या. (त्या हळू बोलल्या की मांजर घराबाहेर जायचं.) "हे काय?"

"आई, मी 'नाही' म्हटलं होतं."

"तोंडाने?"

थेमिस चमचे गोळा करू लागला.

"तोंडाने म्हटलं होतंस का?"

थेमिसने हनुवटी वर केली.

"बघा, फादर!" सासूबाईंचा आवाज फुटला. "अजून प्रार्थना झाली नाही, आशीर्वाद नाही, आणि माझ्या माणसाचा गहू सुट्टीवरच्या लोकांनी खाल्ला! आता त्यांच्यासाठी क्षमा कुणी मागायची? ह्या रिकाम्या थाळ्याने?" त्या कट्ट्यावर बसल्या आणि त्यांनी काळ्या रुमालाने तोंड झाकलं. अर्गिरोने नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्याला दाढी वाढवण्याचा विचार बरा वाटू लागला.

फादर ऐंशीचे होते. कॅप्टन त्यांच्याशीही भांडले होते, घंटा फार लांबवता म्हणून. त्यांनी थाळ्यात पाहिलं, मग पाहुण्यांकडे पाहिलं.

"सेवास्ती, गहू हरवलाय का?"

"हरवला कसला? गिळला!"

"म्हणजे कुठे आहे ते ठाऊक आहे. मग त्यालाच देवासमोर उभं करू. चला, सगळी पोटं आत."

मिर्सिनीने पाहुण्यांना खरं काय ते सांगितलं. दोन-तीन चमचे हवेतच थबकले. लाल टोपीवाल्या आजीबाईंचे डोळे भरून आले. गेलेले गृहस्थ कसे होते, असं त्यांनी विचारलं. मिर्सिनीने सासूबाईंकडे पाहिलं.

"सांग, शांत स्वभावाचे होते," सासूबाई म्हणाल्या. फादरना धुपाचा ठसका लागला. (धूप अजून पेटवायचा होता.)

चव्वेचाळीस माणसं त्या इवल्याशा देवळात खांद्याला खांदा लावून उभी राहिली, काही दारातून अंगणात सांडली. फादरनी प्रार्थना म्हटली आणि धुपाटणं थाळ्यावर न फिरवता एकेका पोटासमोर फिरवलं. जहाजावरच्या जेवणाने मोठी झालेली पोटं होती. फादरना वेळ लागला. मग ते सासूबाईंना म्हणाले, "आता क्षमा मागायची. ह्यांना म्हणायला कोण शिकवणार?"

"हाच," सासूबाईंनी थेमिसला पुढे ढकललं. "हनुवटीने बोलावलंस ना सगळ्यांना? आता तोंड उघड!"

चार माणसांत त्याने कधी पाणी मागितलं नव्हतं. पण रुमालामागचे सासूबाईंचे ओले डोळे त्याने पाहिले, आणि पोटातून, अगदी तळातून, आवाज काढला.

"देव त्यांना क्षमा करो!"

चव्वेचाळीस गळ्यांनी ते मोडकंतोडकं उचललं. दुसऱ्यांदा बरं जमलं. तिसऱ्यांदा असं घणघणलं, की तुतीवरची पाखरं उडाली आणि समोरच्या कड्यावरून सगळं परत ऐकू आलं. खाली बंदरात लोक नुकते देवळाबाहेर पडत होते. दुखरे गुडघे विसरून सगळे माना वर करून उभे राहिले.

सासूबाईंनी बोटं मोजायला घेतली आणि सोडून दिली. "बोटं पुरत नाहीत ग, अर्गिरो," त्या म्हणाल्या आणि हसता हसता रडल्या. मग त्यांनी थेमिसचा गाल दोन बोटांत धरून जोरात हलवला. लग्नानंतर पहिल्यांदाच. "आवाज आहे की रे तुला! कॅप्टनसारखा!"

परतीच्या प्रवासात सासूबाई बसमध्ये पहिल्या सीटवर बसल्या. धक्क्यावर बस थांबली, तर न्हावी वाटच पाहत होता.

"सेवास्तीबाई, वर एवढी माणसं कोण होती?"

"कॅप्टनची," सासूबाई पदर झटकावा तसा रुमाल झटकून म्हणाल्या. "परदेशातून आली. मोठं जहाज करून."

न्हाव्याचं तोंड उघडं राहिलं. थेमिसला वाटलं, आपण एक वीतभर उंच झालो.

तेवढ्यात मिर्सिनी फोन ठेवून धावत आली. "थेमिस, जहाजवाले खूश आहेत! पाहुणे म्हणतात, सबंध सफरीत असं स्वागत झालं नाही. तो गोड गहू आता दर रविवारी हवा. ऑक्टोबरपर्यंत."

"दर रविवारी?" सासूबाई म्हणाल्या. "अग पोरी, कुणीतरी गेलेलं असल्याशिवाय तो करत नाहीत." पण विजय डोक्यात गेला होता. त्या बोटं मोजू लागल्या. "कॅप्टनचे वडील. आजोबा. माझे दोन काका, आत्या, तिचा तो दुसरा नवरा... ऑगस्टपर्यंत होतंय. सप्टेंबरमध्ये जरा ओढाताण आहे."

मोजता मोजता त्यांचं बोट थांबलं. त्यांनी जावयाला नखशिखांत न्याहाळलं.

"जावई, परवा खोकत होतास ना तू?"

थेमिसने जिवाच्या आकांताने हनुवटी वर उडवली. लाल टोपीवाल्या आजीबाईंनी ते पाहिलं, आणि हा गुणी मुलगा पुन्हा एकदा 'हो' म्हणाला म्हणून जोरजोरात टाळ्या वाजवल्या.