चेंडूला बंदी आहे

भालेरावकाका गोल्फ खेळायचे तेव्हा चेंडू नसायचा. बाकी सगळं असायचं. पांढरी टोपी, लाल किल्ल्यामागच्या रविवारच्या बाजारातून आणलेली एकुलती एक लोखंडी काठी, दर्यागंजच्या फुटपाथवर मिळालेलं नवशिक्यांसाठीचं इंग्रजी पुस्तक आणि लाल पुठ्ठ्याची सरकारी वही. काका पाय फाकवून उभे राहत, काठी खांद्यामागे नेत, हवेत सपकन फिरवत आणि कपाळावर हात धरून दिल्लीतल्या द्वारकेच्या मोकळ्या आकाशात लांबवर बघत. मग खिन्नपणे म्हणत, "डावीकडे गेला."

नसलेला चेंडू डावीकडे गेला म्हणून हा माणूस स्वतःला नापास करायचा. वहीत लिहायचा : 'फेरसादर.'

मी तेव्हा त्यांच्या मागच्या खोलीत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होतो. इचलकरंजीहून आलेलो. वडील यंत्रमाग कामगारांच्या युनियनची पत्रकं लिहायचे, त्यामुळे मला अक्षरओळख झाली तीच मुळी 'धिक्कार' या शब्दाने. काकांना हे कळल्यापासून ते मला कॉम्रेड म्हणत. स्वतः ते केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर होते आणि निवृत्तीला चार महिने उरले होते.

चेंडू का नाही, याचं कारणही काकाच होते. सोसायटीची नियमावली त्यांनीच लिहिली होती. हद्दीत आणि हद्दीलगतच्या मोकळ्या जागेत चेंडूने कोणताही खेळ खेळता येणार नाही, हे कलम त्यांचंच. मी म्हटलं, काका, दोन सेक्टर पलीकडे नुसती माळरानं पडली आहेत, तिथे जाऊ. ते म्हणाले, "नियम करणाऱ्याने वळसा घालून जायचं नसतं, कॉम्रेड. प्रोसीजरने जाऊ."

हे कलम मुळात जुनं. आधी ही मंडळी सरकारी क्वार्टर्समध्ये राहायची, तिथेही काका रहिवासी संघाचे सचिव. एकदा कुणाची तरी काच फुटली, काकांनी चेंडूबंदी केली आणि दुसऱ्याच दिवशी पहिली बॅट जप्त झाली ती त्यांच्याच मुलाची, अभयची. बारा वर्षांचा होता. काकांनी बॅट संघाच्या कपाटात ठेवली आणि मुलाला रीतसर पावती दिली. पुढे संघाचं ऑफिस हललं, त्यात कपाटासकट बॅट गेली. काकू हे सांगताना हसायच्या. मग पदर नीट करत म्हणायच्या, "तेव्हापासून बापलेकाचं बोलणंसुद्धा सरकारी झालं बघ. कसा आहेस, ठीक आहे, कळावे."

तो अभय आता गुडगावच्या एका परदेशी कंपनीत होता. काचेच्या नव्या टॉवरमध्ये नोकरी, शेजारच्या टॉवरमध्ये घर. सोमवार ते शनिवार ऑफिस, रविवारी सकाळी साहेबांबरोबर गोल्फ. काकांनी एकदा फोनवर विचारलं, मी येऊ का तुझ्याबरोबर? तो म्हणाला, "बाबा, तिथे असंच नाही येता येत. बेसिक शॉट तरी यायला हवेत." त्याने टाळायला म्हटलं असावं. काकांनी ती पात्रतेची अट समजून लिहून घेतली. निवृत्तीनंतरच्या पहिल्या रविवारी हजर होतो, असं कळवूनही टाकलं.

माझा संताप संताप झाला. आयुष्यभर साध्या बसने ऑफिसला गेलेला माणूस निवृत्त होताना साहेबांच्या रांगेत उभा राहायला धडपडतोय, असं मला दिसत होतं. मी त्यांना सुनावलं. शेतजमिनी घेऊन त्यावर मऊ गवत पेरायचं, गावात नळाला पाणी नसताना त्या गवताला पाजायचं, आणि हे सगळं कशासाठी, तर एक चेंडू एका भोकात जावा म्हणून. काकांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मुद्दा नोंदवून घेतला. आता जरा माझ्या डाव्या बाजूला उभा राहा."

शॉट शिकायची त्यांची पद्धत ऑफिसचीच होती. आधीचा मंजूर झाल्याशिवाय पुढचा घ्यायचा नाही. ड्राइव्ह म्हणजे त्यांच्या मते मंत्र्याची घोषणा, लांब जाते, कुठे पडेल सांगता येत नाही. पिच म्हणजे उंच वर जाऊन अलगद खाली येणारी फाइल. चिप म्हणजे बढती, थोडीशी उडी आणि पुढे सगळं घरंगळणं. वाळूच्या खड्ड्यातला बंकर शॉट म्हणजे खात्यांतर्गत चौकशी : चेंडूला हात लावायचा नाही, त्याच्या मागची वाळू उडवायची, चेंडू आपोआप बाहेर येतो. "आणि शेवटचा पट, चेंडू भोकात ढकलायचा तो, म्हणजे सही. तेवढीच बाकी असते, आणि हात नेमका तिथेच थरथरतो."

बंकरच्या सरावासाठी शेजारच्या बांधकामाची वाळू होती. काकांनी तिथे असा काही फटका मारला आणि अशा नजरेने वर पाहिलं, की तिथला चौकीदार रामबीर धावत गेला आणि दहा मिनिटं विटांमागे शोधत राहिला. शेवटी दमून त्याने विचारलं, "साहब, गेंद गई कहाँ?"

"गेंद नहीं है," काका म्हणाले.

"अच्छा," रामबीर म्हणाला आणि नंतर बरेच दिवस काकूंकडे साहेबांच्या तब्येतीची चौकशी करत राहिला.

सर्वात विचित्र म्हणजे, प्रत्येक शॉटनंतर काका तेवढं अंतर चालायचे, आणि मीही बरोबर चालायचं. ड्राइव्हनंतर पार पाण्याच्या टाकीपर्यंत. चालताना विचारायचे, झोप लागते का नीट? पिचनंतर चाळीस पावलं. तेव्हा जेवतोस कुठे, काय जेवतोस. मला वाटायचं, घरमालक भाडेकरूची चौकशी करतोय. मी तुटक उत्तरं द्यायचो. काका लक्ष देऊन ऐकायचे आणि म्हणायचे, "हं, असंच म्हणेल." कोण म्हणेल, ते मी कधी विचारलं नाही.

चिपनंतर फक्त दहा पावलं असायची. त्या दहा पावलांत काका तोंड उघडायचे, घसा खाकरायचे आणि गप्प व्हायचे. परत येऊन वहीत लिहायचे, 'फेरसादर'. मी म्हणायचो, काका, हा तर उत्तम होता. ते मान हलवायचे. "नाही जमत रे हा."

तो रविवार आला. अभय गाडी घेऊन आला आणि काकांनी मलाही सोबत घेतलं, साक्षीदार म्हणून. अभय हसतमुख आणि घाईतला वाटला. खेळाच्या मैदानावर एकदम नेता येणार नाही म्हणाला. आधी सरावाच्या जागेवर बघू. तिथे त्याने हिरव्या चटईवर एक पांढरा चेंडू ठेवला. काकांनी पाय फाकवले, काठी नेली, सपकन फिरवली आणि कपाळावर हात धरून लांबवर पाहिलं.

चेंडू पायाशीच होता.

दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा चटई हलली. शेजारचे दोघे-तिघे बघू लागले. काकांचे कान लाल झाले आणि मला त्या बघणाऱ्यांचा धिक्कार करावासा वाटला.

"बाबा, तुम्ही बॉल कधी मारलाच नाही?"

"सोसायटीत बंदी आहे," काका म्हणाले.

बाकावर लाल वही पडली होती, ती अभयने उचलली. शेजारी बसलो असल्याने मलाही दिसत होती. इतके महिने मी ती वही दुरूनच पाहिली होती. त्यात मुठीची पकड आणि पायांतलं अंतर लिहिलं असेल, अशी माझी समजूत.

'ड्राइव्ह. दोनशे यार्ड. झोप लागते का, विचारणे. मंजूर.'

'पिच. चाळीस पावले. जेवण. मंजूर.'

'चिप. दहा पावले. बॅटबद्दल बोलणे. फेरसादर.' त्याखाली फेरसादर, फेरसादर, पानभर.

शेवटच्या पानावर एकच ओळ होती. 'पट. इथे बोलायचे नाही. नुसते शेजारी उभे राहायचे.'

अभयने वही मिटली. मग उठला आणि वडिलांना पलीकडच्या छोट्या हिरवळीवर घेऊन गेला. त्यांच्या पायाशी चेंडू ठेवला. "काठी खांद्यापर्यंत नेऊ नका. गुडघ्यापर्यंत बास. आणि बॉलकडे बघा, आकाशात नको."

काकांनी हलकेच मारला. टक असा आवाज आला. चार महिन्यांत पहिल्यांदाच. चेंडू जरासा उडाला आणि घरंगळत दहा पावलांवर जाऊन थांबला. काकांचा हात सवयीने कपाळाकडे गेला होता, तो त्यांनी खाली घेतला.

"अभय," ते म्हणाले, "ती बॅट मी परत आणायला हवी होती."

"पावती हरवली माझ्याकडून."

"पावती लागणार नाही," भालेरावकाका म्हणाले.

मग दोघे चेंडूकडे चालू लागले. सवयीने मीही काकांच्या डाव्या बाजूने एक पाऊल टाकलं आणि थांबलो. ती जागा माझी नव्हती. मी बाकावर येऊन बसलो. ती दहा पावलं चालायला त्यांना खूप वेळ लागला.