आण्णांच्या कानाचा चिमटा

“आण्णा, आजपासून तुमचं काळीज माझ्या मोबाइलमध्ये!”

शलाकानं हे जाहीर केलं तेव्हा बदलापूर गावातल्या त्या घरात सकाळचा चहा चालू होता. आण्णांनी बशी तोंडापासून लांब केली, नातीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “आन् मी काय रिकामा फिरू?”

मामला असा होता. शलाका बारावी पास झाली होती, सीईटीत मार्कही झकास पडले होते, आणि इंजिनिअरिंगची पहिली पसंती सोमवारी संध्याकाळपर्यंत कळवायची होती. पप्पा, म्हणजे सुजित, कॉम्प्युटरवर अडून बसले होते. शलाका बायोमेडिकलवर. आणि घरात शेवटचा शब्द आण्णांचा!

“बदलापूर स्टेशनला डोळे मिटून दगड मार,” पप्पा म्हणाले, “कॉम्प्युटरवाल्यालाच लागेल. याला स्कोप म्हणतात.”

“याला गर्दी म्हणतात, पप्पा!”

“आणि बायोमेडिकल म्हणजे काय? हॉस्पिटलातली मशिनं पुसायची?”

झालं! शलाकाच्या अंगात आलं. ती पाटावरून उठलीच. “पप्पा, उद्या माणूस आजारी पडायच्या आधी त्याच्या दंडावरचा पट्टा डॉक्टरला सांगणार आहे! शुगर बघायला सुई नको, नवं हाड हवं तर मशिनवर छापून मिळेल! आणि बारवी धरणाकडच्या पुतळीकाकू आठवतात का? भाताची लावणी संपेपर्यंत छातीतली कळ दाबून चिखलात उभ्या राहिल्या. थोडक्यात वाचल्या. त्यांच्या दंडाला पट्टा असता तर त्या गप्प बसल्या तरी पट्टा बोलला असता!”

पुतळीकाकू म्हणजे आण्णांचा जिवलग दोस्त पदू, त्याची बायको. तिचं नाव निघाल्यावर आण्णा जरा विरघळले. तेवढ्यात शलाकानं पिशवीतून आपलं यंत्र काढलं. सामान उल्हासनगरच्या बाजारातून आणलेलं, जोडाजोडी तिची स्वतःची. दुकानदारानं “बेटा, ओरिजिनल से भी ओरिजिनल है” अशी गॅरंटी दिली होती. दंडाला पट्टा, काखेत ताप मोजणारी पट्टी, कानाच्या पाळीला नाडी मोजणारा चिमटा. पेशंटचा ताप, ठोके आणि ठावठिकाणा सगळा मोबाइलवर! काही बिघडलं तर घरच्या ग्रुपवर आपोआप मेसेज.

“बरं,” आण्णा म्हणाले. “घाल हे लोढणं माज्या गळ्यात. गटारीपर्यंत घालीन. यंत्र एकदा जरी खोटं बोल्लं, तर तू कॉम्प्युटर. नाय बोल्लं, तर तुजं ते बायको मेडिकल.”

“बायोमेडिकल, आण्णा!”

“तेच ते.”

पहिले दिवस सोन्यासारखे गेले. आण्णा कानाला चिमटा लावून देवळाच्या पारावर बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, “माजी नाडी आता घरी फोनमंदी वाजते.” दोघातिघांनी तर आपलाही नंबर लावून ठेवला. शलाकाला वाटलं, सीट खिशात!

पण तिकडे गटारी जवळ येत होती. श्रावण लागायच्या आधीचा तो शेवटचा रस्सा! आमच्याकडे त्या दिवशी कडक उपास करणारा माणूसही निदान वासाला तरी बाहेर पडतो. आणि आण्णांना डॉक्टरांनी बीपीपायी मटण बंद केलेलं. आजीनं, म्हणजे अंजनीबाईंनी, त्यावर जातीनं पहारा ठेवलेला. घरामागे शेजारच्या शंकररावांचा बोकड दिवसभर बें बें करायचा, आणि आण्णा त्याच्याकडे अशा नजरेनं बघायचे की आजी मधली खिडकीच लावून घ्यायची.

गटारीच्या रविवारी आण्णांनी मुकाट्यानं दुधीची भाजी खाल्ली. तिथेच खरं तर संशय यायला हवा होता.

“अंग मोडून आलंय,” ते म्हणाले. “माळ्यावर पडतो. कुनी उठवू नका.”

शलाका खाली मोबाइल घेऊन बसली. ठिकाण घर, ठोके नव्वदच्या आसपास. आता फक्त आजचा दिवस! तिनं मनातल्या मनात कॉलेजची बॅगही भरली. आणि टिंग! मेसेज आला. आण्णांना ताप, एकशे दोन!

“बघ! म्हणून अंग मोडत व्हतं बिचाऱ्याचं,” आजी कळवळली. “आन् दुधीसुद्दा खाल्ली त्यांनी, तापातच खाल्ली असंल!”

शलाकाला तर आनंदच झाला, आणि झाल्याची लाजही वाटली. यंत्रानं ताप पकडला की! आई पेजेचं भांडं चढवायला धावली. पप्पांनी माळ्याचं दार वाजवलं. आतून कडी. उत्तर नाही. डॉक्टरांना फोन लावेपर्यंत शलाका ओरडली, “पप्पा, आण्णा निघाले!”

“कुठे निघाले?”

“बारवीच्या रस्त्याला! हा बघा ठिपका!”

पप्पांनी खांदा मारून दार उघडलं. अंथरुणावर चादर, चादरीखाली उशी, उशीवर आण्णांचा फोन. मागच्या जिन्याचं दार सताड उघडं!

“तापात भ्रमिष्ट झाले ते!” आजीनं कपाळावर हात मारला.

“ठोके एकशे चाळीस,” शलाका वाचत होती. “आणि स्पीड... ताशी चाळीस किलोमीटर.”

“या वयात?”

“तापात मानसाला बळ येतं,” आजी म्हणाली.

“आई, चाळीसचं नाही येत!” पप्पा ओरडले. “कुणीतरी गाडीत घालून नेलंय!”

शेजारच्याची गाडी काढली. पप्पा चालवायला, आई पेजेचा डबा घेऊन पुढे, आजी आणि शलाका मागे. इकडे यंत्र आपलं काम चोख करत होतं. दर दोन मिनिटांनी घरच्या ग्रुपवर मेसेज! अंबरनाथ पूर्वेला राहणारा सुयोगकाका, जो गेली दोन इलेक्शनं भावी नगरसेवक होता, त्यानं लिहिलं, ‘काळजी नको, यंत्रणा कामाला लावली आहे.’ उल्हासनगरच्या आत्यानं जोडलेले आठ हात पाठवले.

आणि खरवई गाव मागे टाकलं, तसा मोबाइल एकदम चिरका वाजला.

ठोके शून्य.

शलाकानं मोबाइल हलवला, आपटला, परत बघितला. शून्यच. ठिपका बारवीच्या वाटेवर एका जागी थांबला होता.

“काय गं? काय बोलतंय?” आजीनं विचारलं.

शलाकानं मोबाइल छातीशी धरून लपवला. पण ग्रुपला कुठली दयामाया! आत्याचा मेसेज आलाच, ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ त्याखाली चुलत्यांचा, ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ त्याखाली एकानं चुकून ‘हॅपी गटारी’ टाकलं आणि लगेच काढलं. आजीनं आपल्या मोबाइलवर ते सगळं वाचलं आणि गाडीत जो हंबरडा फोडला, त्यानं पप्पांचा गिअरच चुकला.

शलाका खिडकीला डोकं टेकून बसली होती. ज्या यंत्रावर तिनं आपलं सगळं आयुष्य लावलं होतं, त्याच्याकडे बघत ती पुटपुटत होती, “देवा, माझं यंत्र खोटं ठरू दे. भंगार असू दे. मी कॉम्प्युटर घेते, सिव्हिल घेते, देशील ते घेते! फक्त हे चुकलेलं असू दे!”

गटारीला बाहेर पडलेल्या गर्दीत दोन तास अडकून शेवटी ठिपका होता तिथे गाडी थांबली. समोर पदूचं शेत. आंब्याचं झाड, झाडाला लटकलेला शलाकाचा पट्टा, आणि पट्ट्यापलीकडे बाजेवर बसलेले आण्णा! एका हातात तांदळाची भाकरी, दुसऱ्या हातात मटणाची नळी, आणि चेहऱ्यावर स्वर्ग.

आजी दारातून उतरताना छाती बडवत होती ती तशीच थबकली. “अगो बाय! मेल्यावर पन मटनच?”

आण्णांच्या हातातली नळी पडली. “अंजनी? तू... हिकडं कशी?”

“आण्णा!” शलाका धावली आणि त्यांच्या गळ्यातच पडली. रस्सा दोघांच्या कपड्यांना सारखा लागला. ती रडत होती, हसत होती, आणि मधूनच त्यांची नाडी बघत होती. चालू होती. चांगली ठणठणीत!

आण्णांनी क्षणभर सगळ्यांकडे पाहिलं. मग त्यांच्या डोक्यात एक लबाड दिवा पेटला. ते ताठ बसले. “बग सुजित! यंत्र काय बोल्लं? मी मेलो! आन् मी तर जित्ता हाय! यंत्र खोटं! आता पोरगी कॉम्प्युटरला!”

शलाका डोळे पुसता पुसता थांबली. खरंच की! यंत्र चुकलं होतं. देवानं तिचं ऐकलं होतं, आणि नको इतकं नीट ऐकलं होतं.

“चालेल,” ती हुंदका गिळून म्हणाली. “तुम्ही आहात ना, बास. गाडीत देवाकडे मागितलं ते मिळालं. कॉम्प्युटर तर कॉम्प्युटर.”

तेवढ्यात पदूकाका पातेल्यापासून हात पुसत आले. “पोरी, ह्यो पट्टा-चिमटा तुजा काय? मना वाटला सरकारी बिल्ला हाय, गुरांच्या कानाला मारतात तसा. बोकडाच्या पायातना आन् कानातना काढून मीच झाडाला लावला.”

 मागे पातेलं रटरटत होतं.

“कोणाच्या कानातून?” पप्पांनी विचारलं.

“बोकडाच्या. शंकररावाचा नाय का, तुमच्याच घरामागचा? टेंपोत घालून आनला मगाशी.”

आण्णांनी भाकरीचा तुकडा उगाचच मोडायला घेतला. घरामागे बांधलेला बोकड घरीच राहील, यंत्र घरचाच पत्ता सांगत राहील, आणि यंत्राला काय कळतंय कान कुणाचा ते, असा त्यांचा बेत होता. फक्त पदूनं गटारीला बोकड कुठला घेतलाय, हे त्यांनी विचारायचं राहिलं होतं! स्वतः पदूच्या पुतण्याच्या मोटारसायकलवर पुढे आले, आणि मागोमाग त्यांचं काळीज टेंपोतून आलं.

शलाकानं घाईघाईनं मोबाइलवर काहीतरी शोधलं आणि एकदम उडीच मारली. “एकशे दोन! बोकडाचा ताप नॉर्मलच एकशे दोन असतो! टेंपोत घाबरला म्हणून ठोके एकशे चाळीस! कानातून काढला तेव्हा शून्य! पप्पा, एकही आकडा चुकलेला नाही! यंत्र शंभर टक्के बरोबर आहे! आण्णा, सांगा, पट्टा तुमच्या दंडाला होता की नव्हता?”

आण्णा पेचात सापडले. होता म्हणावं तर समोर पदू उभा. नव्हता म्हणावं तर शेजारी अंजनी उभी, आणि तिनं चुलीजवळचं उलथणं उचललेलं!

एवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला आणि सुयोगकाका चार पोरांसह उतरला. पोरांच्या हातात भला मोठा फ्लेक्स. ‘आमचे मार्गदर्शक आण्णा अनंतात विलीन.’ कोपऱ्यात तिकिटाएवढे आण्णा, आणि मधोमध हात जोडलेला अर्ध्या फ्लेक्सभर सुयोगकाका!

“इतक्या लवकर छापलास पण?” पप्पांनी डोळे विस्फारले.

“माझ्या वाढदिवसाचा तयार होताच ना. खालच्या दोन ओळी बदलल्या फक्त.” मग त्याला बाजेवरचे आण्णा दिसले आणि तो एकदम खट्टू झाला. “अरे यार! आता परत बदलायला लागणार.”

आण्णांनी स्वतःची श्रद्धांजली दोनदा वाचली. मग नातीकडे वळले. आवाज जरा खाली आला होता. “तू गाडीत काय मागत व्हतीस देवाकडं?”

“यंत्र खोटं ठरू दे म्हणून.”

“येवढं कष्टानं बनवलेलं? माज्यापायी?”

शलाकानं मान हलवली. आण्णांचे डोळे भरून आले. तिखटानं नव्हे. त्यांनी खरकटा हात पाठीमागे घेतला आणि स्वच्छ हात तिच्या डोक्यावर ठेवला.

“सुजित, ऐक. यंत्र खरं बोल्लं. खोटं बोल्लो तो मी. जा पोरी, तुजं ते बायोमेडिकल कर.” आणि या वेळी शब्द अगदी बरोबर आला. “फकस्त तो पट्टा पैला पुतळीला बांध.”

शलाकानं अशी आरोळी मारली की चार शेतं पलीकडचे बगळे उडाले! पप्पांनीही हात टेकले. इतकी मंडळी आलेली, पातेलं भरलेलं, दुसऱ्या दिवसापासून श्रावण. शोकाला आलेली सगळी पंगत मांडून बसली. फ्लेक्स पालथा घालून त्यावर पत्रावळी मांडल्या. एकट्या आण्णांच्या पुढ्यातलं ताट आजीनं उचललं आणि आईनं आणलेली पेज ठेवली. “तुमचा श्रावन आत्तापास्ना,” ती म्हणाली. “दिवाळीपत्तूर.”

महिना-दीड महिन्यानं कॉलेज सुरू झालं. पहिल्याच दिवशी सरांनी एकेकाला उभं करून विचारलं, बायोमेडिकल का घेतलं? शलाका ताडकन उठली. तिनं आपला पट्टा, चिमटा, मोबाइल, सगळं न थांबता सांगितलं. सर टेबलावरून पुढे झुकले. 

“वा! बारावीतच? ट्रायल घेतलीस?”

“हो सर! ताप, नाडी, ठावठिकाणा. एकही रीडिंग चुकलं नाही!”

“एक्सलंट! आणि पेशंट कसा आहे आता?”

शलाकानं मान खाली घातली.

“सर... जरा तिखट झाला होता.”