तळघरातले दोन वायू

विषाने माणूस मरतो ही अडाणी समजूत झाली. सुधारलेल्या देशात तो नेमका कोणत्या विषाने मरणार, हे आधी ठरवावं लागतं.

डेन्मार्कच्या बॉर्नहोम बेटावर राग्नहिल्ड मुंक यांचं घर ग्रॅनाइटच्या खडकावर उभं आहे. खडकातून, तळघराच्या फरशीतल्या फटींतून रेडॉन नावाचा वायू वर येतो. किरणोत्सर्गी असला तरी घराणं जुनं, आणि वास मुळीच नाही (कुलीनांना नसतोच). शेजारी पूर्वी ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं. तिथलं जमिनीत मुरलेलं क्लोरीनयुक्त द्रावण वाफ होऊन त्याच फटींतून वर येई. हा मात्र कारखान्यात जन्मलेला, गोडसर वासाचा उपटसुंभ.

राग्नहिल्डबाईंचे यजमान आस्गर तळघरात दिवसभर लाकडी जहाजं कोरत. दुपारपर्यंत त्यांचं डोकं गरगरू लागे. वर या म्हटलं, की शीड राहिलंय म्हणत. बाईंच्या जिवाला घोर लागला. त्यांनी तक्रार केली आणि शासनाने तत्परतेने दोन अधिकारी पाठवले.

"आमचा फुप्फुस धरतो," रेडॉनखात्याचे प्रेबेन नम्रपणे म्हणाले.

"आमचा यकृत, मूत्रपिंड, आणि वर चक्कर," द्रावणखात्याच्या सिग्नेबाईंनी सांगितलं.

"आणि आमच्या ह्यांचं काय?" राग्नहिल्डबाईंनी विचारलं.

"बसू द्या त्यांना," प्रेबेन म्हणाले. "खिडकी तेवढी उघडू नका, बाई. मोजणीचे आकडे बिघडतात."

जमिनीखालून हवा ओढणारा एकच पंखा दोघांनाही बाहेर काढील, यावर तज्ज्ञांचं एकमत होतं. अडचण तीच होती. रेडॉनखात्याला कृत्रिम वायूला हात लावता येत नव्हता, द्रावणखात्याला नैसर्गिक. सबब, अधिक वाईट कोण हे ठरवायला तुलना समिती बसली. ती बसलीच.

एका रविवारी राग्नहिल्डबाईंनी फरशीला भोक पाडलं, नळी घालून छपराबाहेर नेली, तिला पंखा जोडला आणि फटी लिंपल्या. आस्गरनी नळी धरली. "वर ये वर ये करत होतीस, त्यापेक्षा हे बरं," म्हणाले. त्यांचं गरगरणं थांबलं. जहाजाला शीड चढलं.

पुढच्या भेटीत दोन्ही मोजणीयंत्रांचे काटे मरगळलेले पाहून प्रेबेननी आपलं यंत्र हलवून पाहिलं. सिग्नेबाईंनी नळीकडे बोट दाखवलं.

"दोघांना एकाच नळीतून घालवलंत?"

"हो. भांडले नाहीत," राग्नहिल्डबाई म्हणाल्या.

पुराव्याअभावी तुलना अर्धवट राहिली. आस्गर बरे झाले हे वाचूनही, त्या दोघांत शेवटी जास्त वाईट कोण, अशी रुखरुख आपल्याला लागली असेल, तर कळवावं. समितीत एक जागा रिकामी आहे.