ज्याचा टॅग, त्याचाच हात

दुपारी तीन वाजता सभागृहातला मोठा कूलर बंद असल्याचे ललिताच्या लक्षात आले. चार वाजता भय्याजी येणार होते. जून अर्धा सरला तरी पावसाचा पत्ता नव्हता आणि पत्र्याच्या छपराखाली मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या हात लावू देत नव्हत्या.

कूलर बिघडलेला नव्हता. त्याच्या बटणाला तारेने एक लाल टॅग बांधला होता. त्यावर लिहिले होते, ‘चालू करू नये.’ खाली सही, देवीदास.

ललिता पहिल्यांदाच पार्षद, म्हणजे नगरसेविका, झाली होती. वॉर्डात दवाखाना आणीन, एवढे एकच वचन तिने निवडणुकीत दिले होते आणि तो मंजूर करणे भय्याजींच्या हातात होते. भय्याजी म्हणजे दुर्गच्या जुन्या मराठी घरातले नेते. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. गार हवेत ते उदार असत. उकाड्यात त्यांना एकाएकी पुढचा कार्यक्रम आठवे. अहिवाऱ्याच्या सभेत पंखा बंद पडला, तेव्हा शाळेच्या खोल्यांचे आश्वासन अर्ध्या वाक्यात सोडून ते गाडीत जाऊन बसले होते. वाक्य अजून पूर्ण झालेले नाही.

टॅगची कल्पना देवीदासची. गेल्या वर्षी वॉर्डात डेंग्यूने धुमाकूळ घातला. धूर सोडणारी गाडी आली, तिच्यासमोर नेत्यांचे फोटो निघाले आणि ताप होता तिथेच राहिला. लोकांचे म्हणणे, डास नालीतून येतात. नगर निगमचे म्हणणे, लोक ऐकत नाहीत. आपल्या घरच्या कूलरची टाकी मात्र कोणी वाकून पाहत नव्हते. तेव्हा प्लांटमधून, म्हणजे गावच्या मोठ्या कारखान्यातून, निवृत्त झालेला देवीदास टॉर्च आणि लाल टॅग घेऊन घरोघर फिरू लागला. टाकीत अळ्या दिसल्या की टॅग. मोहल्ल्यातला प्रत्येक जण प्लांटचा कामगार किंवा कामगाराचे पोर. प्लांटमध्ये दुरुस्तीला घेतलेल्या यंत्रावर असाच लाल टॅग लागे, आत माणूस असताना ते कोणी चालू करू नये म्हणून. बायकोचे न ऐकणारा, पार्षदाला न जुमानणारा माणूसही लाल टॅग दिसला की हात मागे घेई. ज्याने बांधला त्यानेच, स्वतः पाहून, स्वतःच्या हाताने काढायचा. हा नियम त्यांच्या अंगात रक्तासारखा भिनलेला होता. देवीदासने सुरुवात ललिताच्या घरापासून केली होती. परवा तिच्या कूलरवर दुसऱ्यांदा टॅग लागला, ही गोष्ट तिने कोणाला सांगितली नव्हती. वॉर्डाला ती माहीत होती.

“कृष्णरावकाका, काढा ना हा टॅग,” ललिता म्हणाली.

देवीदासचा जोडीदार कृष्णराव खुर्च्या पुसत होता. “तो माहा नाही.”

“टाकी धुतली ना?”

“म्याच धुतली. घासली, वाळवली, पाणी भरलं.”

“मंग काहून अडून राहिले?”

“देवीदासनं पाहिली नाही ना अजून. तो नागपूरले निघाला, नातीच्या बारशाले.”

ललिताने फोन लावला. पलीकडून आगगाडीचा खडखडाट आला.

“काका, कृष्णरावकाकाले सांगा, टॅग काढून टाका म्हणून. भय्याजी येऊन राहिले.”

“फोनवर टॅग निघत नाही, ललिता.”

“टाकी साफ आहे, काका.”

“असंन. म्या पाहिली का? एकडाव मोठा साहेब उभा होता माह्यापुढं, त्यालेबी नाहीच म्हटलं होतं.” मग देवीदासने बायकोला पुढचे स्टेशन विचारले. “गोंदियाले उतरतो. उलट गाडी भेटली का येतो.”

“आन् बारशाले कोन जाईन?” मागून त्याच्या बायकोचा आवाज आला.

“तू चाल पुढं. बारसं परवा आहे.”

ललिताला राग आला आणि त्याच वेळी, नको असताना, त्या माणसाचा अभिमानही वाटला. अभिमानाने सभागृह गार होत नाही, म्हणून तिने जामुलच्या तंबूवाल्याकडून भाड्याचा कूलर मागवला. टेम्पो आला. कूलर आत जाणार एवढ्यात दाराशी दीक्षा आडवी आली. ती मोहल्ल्याची मितानिन, म्हणजे आरोग्यसेविका. कोणाला ताप आला की पहिली हाक तिलाच. तिने टाकीत टॉर्च मारली आणि बाजूला झाली. तळाशी उरलेल्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या.

कृष्णरावने खिशातून टॅग काढला.

“काका, किराये का है,” टेम्पोवाला म्हणाला.

“किरायाचा डास चावत नाही का, बापू?”

“काका, हा तर तुमचा टॅग ना,” ललिता घाईने म्हणाली. “आत्ता धुवा, आत्ता काढा.”

“टाकी एक दिवस कोरडी ठेवा लागते, ताई. तूच तर मीटिंगमधी मंजूर केलं.”

भय्याजी आले तेव्हा मंचाच्या एका बाजूला एक कूलर, दुसऱ्या बाजूला दुसरा, दोन्ही मुकाट. हारांतली फुले त्यांच्या गळ्यात पडण्याआधीच मान टाकून मोकळी झाली होती. भय्याजींनी एकदा कूलरकडे पाहिले, एकदा घड्याळाकडे. त्यांचा सचिव विक्की उठला आणि मोठ्या कूलरच्या बटणाकडे हात नेला.

पुढच्या रांगेतल्या बायका उभ्या राहिल्या. मग मागची रांग. कोणी ओरडले नाही.

“दादा, हात मागं घ्या,” दीक्षा म्हणाली.

“अरे दीदी, एक कागज ही तो है.”

“कागद नाही थो. देवीदासकाका आहे.”

“हा देवीदास कोण?” भय्याजींनी विचारले. “कुठला अधिकारी आहे?”

“रिटायर आहेत,” ललिता म्हणाली. “आता गाडीत आहेत.”

“म्हणजे ते गाडीत आणि आम्ही भट्टीत.” भय्याजींनी रुमाल काढला. “बाई, पार्षद तुम्ही आहात ना? मग काढा तो.”

ललिताने टॅगकडे पाहिले. दवाखाना तिच्यापासून हातभर अंतरावर होता.

“भय्याजी, मागच्या साली या मोहल्ल्यात घरोघरी ताप होता,” ती म्हणाली. “यंदा दीक्षाकडं अजून एकबी पेशंट नाही. तुमाले गरमी होऊन राहिली, दिसते मले. पण टॅग मी नाही काढणार. माह्या घरीबी लागला आहे. दुसऱ्यांदा.”

सभागृह खळखळून हसले. भय्याजी हसले नाहीत. पण उठलेही नाहीत. रुमालाने मान पुसत ते तासाभराहून अधिक बसून राहिले. आधी स्वागतगीत झाले, मग सत्कार, मग ते बोलायला उभे राहिले. त्यांच्या भाषणाच्या मध्यावर देवीदास आला, खांद्याला प्रवासाची पिशवी तशीच. मंचाकडे न बघता तो थेट कूलरपाशी गेला, टॉर्च मारली, टाकीच्या कोपऱ्यांतून बोटे फिरवली, बोटे उजेडात पाहिली आणि टॅग काढला. कूलर सुरू झाला. त्या संध्याकाळची सगळ्यात मोठी टाळी तेव्हा पडली. भय्याजींनी भाषण तिथेच थांबवले आणि तेही टाळ्या वाजवू लागले.

निघताना ते ललिताला म्हणाले, “दवाखान्याची फाईल उद्या संध्याकाळी बंगल्यावर सही करतो. आणि त्या माणसाला सकाळी पाठवा. आमच्याकडचे कूलरही बघू द्या.”

दुसऱ्या दिवशी देवीदासने बंगल्यातले कूलर पाहिले आणि तिथूनच तो स्टेशनवर गेला. संध्याकाळी ललिता पोचली, तेव्हा बैठकीतल्या कूलरला लाल टॅग होता. झोपायच्या खोलीतल्यालाही होता. भय्याजी व्हरांड्यात बनियनवर बसून पुठ्ठ्याने वारा घेत होते.

“हात लावू देत नाहीत कोणाला,” विक्की हळूच म्हणाला. “मी म्हटलं, भय्याजी, टाकी तो धुल गई. म्हणतात, त्या बायका उभ्या राहिल्या होत्या, पाहिलं नाहीस?”

“आन् फाईल?”

“टेबलावर आहे. त्यांना या गरमीत काही वाचवत नाही. पहिले तो माणूस येऊ दे, म्हणतात.”

बारशाचा दिवस गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी ललिताने नागपूरला फोन लावला. उचलला देवीदासच्या बायकोने.

“बारसं छान झालं, बाई.”

“काका कधी येतेत, काकू?”

“कोनाले मालूम. जावयाच्या गल्लीतले कूलर पाहून राहिले. सकाळी टॅग संपले, म्हणून लाल पुठ्ठा आनाले बाजारात गेले.”