पाठमोरे उकिडवेकाका

टीव्हीकडे पाठ करून फुटबॉल बघणारा माणूस मी अख्ख्या अमेरिकेत एकच पाहिला, आणि तो न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो.

दर रविवारी दुपारी आमच्याकडे पाच-सात जण मॅच बघायला जमतात. सगळे सोफ्यावर टीव्हीसमोर. उकिडवेकाका मात्र जेवणाच्या टेबलाशी, टीव्हीकडे पाठ करून. पुढ्यात लांबडी वही, कानामागे पेन्सिल. टचडाउन, म्हणजे या खेळातला गोल, झाला की घर दणाणतं. काका मान वर न करता विचारतात, "कोणी टाकला?" आम्ही नाव सांगतो. ते वहीत बोट फिरवतात आणि म्हणतात, "हं. परवडला."

"काका, एकदा वळून बघा तरी, काय कॅच होता!"

"कॅच कोणीही बघेल. करार बघा, करार."

अमेरिकन फुटबॉलमध्ये एक गंमत आहे. प्रत्येक टीमने वर्षाला खेळाडूंवर एकूण किती खर्च करायचा याची मर्यादा ठरलेली असते. मालक कितीही गबर असो, त्या रेषेच्या वर जाता येत नाही. मग या रेषेखाली माणसं कशी बसवायची यासाठी टीमच्या ऑफिसात हुशार लोक डोकं चालवत बसतात. उकिडवेकाकांना या हुशार लोकांची नावं पाठ आहेत. खेळाडूंचे चेहरे त्यांना ठाऊक नाहीत. आमच्या टीमचा क्वार्टरबॅक, म्हणजे सगळा खेळ चालवणारा मुख्य खेळाडू, एकदा टायर बदलायच्या दुकानात काकांच्या शेजारच्या खुर्चीवर अर्धा तास बसला होता म्हणतात. काकांनी त्याला फक्त घड्याळात किती वाजले ते विचारलं.

मनोहर उकिडवे मूळचे साताऱ्याचे. तीस वर्षं इथल्या एका विमा कंपनीत होते. कुठल्या वयाचा, कुठल्या सवयींचा माणूस साधारण किती वर्षं जगेल, याचं गणित मांडायचं हे त्यांचं काम. त्यामुळे कुणाच्या वाढदिवसाला काका आले की पाहुणे जरा सांभाळून केक खातात.

त्यांचा ठरलेला प्रश्न एकच: "गॅरंटीड किती?" पेपरात खेळाडूच्या कराराचा मोठा थोरला आकडा छापून येतो, तो शोभेचा असतो. दुसऱ्या वर्षी टीमने हाकललं तर त्यातला किती खरंच हातात पडणार, तेवढा खरा. काका हा प्रश्न सगळ्यालाच लावतात. मला ऑफिसात बढती मिळाली, नावापुढे चार भारदस्त शब्द लागले. मी पेढे घेऊन गेलो. काकांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "गॅरंटीड किती?" मी आठवडाभर नाराज होतो. वर्षभरात कंपनीने ते चारही शब्द काढून घेतले, तेव्हा काकांनी आठवणसुद्धा करून दिली नाही. हा त्यांचा मोठेपणा, की वहीत नोंद नव्हती म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांनी हे सगळं शास्त्र प्रत्यक्ष राबवलं होतं. प्रसादाचे तीनशे मोदक, त्यापुढे एकही नाही, अशी मर्यादा खुद्द काकांनीच घातलेली. मोदक करायच्या शुभदाकाकू, त्यांच्या पत्नी. त्या वर्षी नाटकातला नायक गोडबोले अडून बसला. तालमींच्या काळात वीस मोदक घरी पोचले पाहिजेत, नाहीतर दुसरा नायक बघा. समितीचे चेहरे पडले. काका म्हणाले, "देऊ. पण चार वर्षांचा करार करू. वीस मोदक आज सही करताना. वहीत मात्र दर वर्षी पाचच लागतील."

गोडबोलेने वीस मोदक खाल्ले, नाटक पाडलं आणि पुढच्या वर्षी नोकरी बदलून कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला गेला. उरलेले पंधरा मोदक एकदम त्या वर्षीच्या हिशेबात येऊन पडले. काकूंनी मुकाट्याने दोनशे पंच्याऐंशी केले. पंधरा लोकांना प्रसादाला केळं मिळालं, त्यांत अध्यक्ष होते.

"हा काय प्रकार आहे, उकिडवे?" अध्यक्षांनी केळं हातात धरून विचारलं.

"याला डेड मनी म्हणतात," काका म्हणाले. "माणूस निघून गेला तरी त्याची जागा आपल्याकडे भरलेलीच राहते. आधी आपणच पुढे ढकललेलं असतं ना सगळं."

काकू मागून म्हणाल्या, "यांचं सगळंच असं. आज काही नाही, पुढे बघू."

सगळे हसले. मीही हसलो. काकूंचं बोलणं नुसतं मोदकांबद्दल नव्हतं हे मला बरंच नंतर कळलं.

काकांचा एकुलता एक मुलगा निखिल. इथेच जन्मला, आता तिकडे पश्चिम किनाऱ्याला, रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये आहे. दर रविवारी चारला, म्हणजे त्याच्याकडे एकला, काका त्याला फोन करतात. आमच्या घरांमधली भिंत लाकडाची आणि प्लास्टरची. मला इच्छा नसताना सगळं ऐकू येतं. "अरे, त्यांनी त्याचा यंदाचा पगार बोनसमध्ये फिरवला! म्हणजे पाच वर्षांत वाटला जाणार! आणि शेवटची दोन वर्षं तर खोटीच, करारात लिहिलेली, खेळायची नाहीतच! नुसतं ओझं टाकायला जागा!" असं पाऊण तास. तिकडून निखिल मधूनमधून काहीतरी विचारत असावा, कारण काका खूश होऊन म्हणत, "बरोबर! हाच प्रश्न आहे!"

काकूंना जाऊन आता दोन वर्षं होतील. आजार कळला तेव्हाच उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाले, तीन-चार आठवडे. निखिलचं ऑफिसात काहीतरी महत्त्वाचं चालू होतं, ते बुधवारी संपणार होतं. तो म्हणत होता, मी लगेच निघतो. काकांनी मनाशी गणित मांडलं आणि त्याला सांगितलं, "घाई नको. काम संपव. गुरुवारचं तिकीट काढ."

काकू मंगळवारी गेल्या.

निखिल बुधवारी सकाळी मिळेल त्या विमानाने आला. नूअर्कला मीच आणायला गेलो होतो. गाडीत तो एकदाच बोलला. "संजयकाका, गुरुवारचं तिकीट कॅन्सल करायचं राहिलं." बाप-लेक त्या विषयावर पुन्हा कधी बोलल्याचं मी ऐकलं नाही, आणि माझ्या घरात, सांगितलं तसं, सगळं ऐकू येतं.

पुढच्याच रविवारी चार वाजता भिंतीपलीकडून आवाज आला, "अरे, त्या लाइनबॅकरचं बघितलंस का?" मला तेव्हा काकांचा रागच आला होता. म्हटलं, काय माणूस आहे हा.

गेल्या नोव्हेंबरात मी कामासाठी रेडमंडला गेलो. पाऊस तिथला, तो काही थांबत नाही. निखिल मला जेवायला घेऊन गेला. मी गमतीने विचारलं, "काय म्हणतोय आपला क्वार्टरबॅक?"

तो हसला. "ऑनेस्टली काका, कॉलेजनंतर मी एक गेम पूर्ण बघितली नाहीये. आय डोन्ट इव्हन लाइक इट एनीमोअर."

"मग दर रविवारी पाऊण तास?"

"बाबा दुसरं काही बोलतच नाहीत ना. मी फोनच्या आधी दहा मिनिटं वाचून ठेवतो. होमवर्क. एखादा चांगला क्वेश्चन विचारला की ते हॅपी होतात." मग काट्याने भाताशी खेळत म्हणाला, "डोन्ट टेल हिम, ओके?"

मी ओके म्हणालो.

इथे मला स्वतःबद्दल जरा सांगायला हवं, ते टाळून हे लिहिता येणार नाही. चारचौघांत एखादं वाक्य सुचलं आणि ते गिळलं, असं माझ्या हातून क्वचितच झालंय. डिसेंबरातल्या एका रविवारी आमच्याकडे मंडळी जमली होती. काका टेबलाशी बसून कुणाला तरी ऐकवत होते, "निखिलचा अभ्यास बघा, परवा असा प्रश्न विचारला की मीच गारद!" आणि माझ्या तोंडून गेलं, "काका, तो फक्त दहा मिनिटांचा अभ्यास आहे. मॅच तर त्याने दहा वर्षांत बघितली नाही. तुमच्या मुलाचाच करार तपासा, गॅरंटीड काहीच नाही!"

सगळे खो खो हसले. काकाही हसले. "हुशार आहे पोरगा," म्हणाले. मग मॅच संपायच्या आत वही मिटून घरी गेले. तसं ते आधी कधी गेले नव्हते. मेघना, माझी बायको, त्यांचा अर्धा राहिलेला चहाचा कप उचलून आत गेली.

त्यानंतर रविवारचा फोन चार मिनिटांवर आला. जेवलास का. थंडी आहे का. गुडघा बरा आहे. ठेवतो. मी भिंतीशी घड्याळ लावून बसलो नव्हतो, पण चार मिनिटं कळतात. काका मॅचला येईनासे झाले. टेबलाशी त्यांची खुर्ची तशीच. कोणी टचडाउन केला की आम्ही सवयीने थांबायचो, "परवडला" ऐकायला.

मार्चमध्ये खेळाडूंची अदलाबदल सुरू होते. इतर लोकांची दसरा-दिवाळी असेल तेव्हा असो, काकांची मार्चमध्ये. आणि यंदा तर आमच्या टीमने तोच टायरच्या दुकानातला क्वार्टरबॅक काढून टाकला. करार अर्धा उरलेला, पुढे ढकललेला सगळा बोनस एकदम अंगावर. अख्खं न्यू जर्सी बोंब मारत होतं. भिंतीपलीकडे मात्र शांत. ती शांतता मला चार दिवस सहन झाली. पाचव्या दिवशी, रविवारी दुपारी, मेघनाने दिलेला साबुदाण्याच्या खिचडीचा डबा घेऊन मी शेजारी गेलो.

"ये. चहा टाकतो," म्हणून काका आत गेले. टेबलावर वही होती. दुसऱ्याची वही उघडू नये हे मला कळतं. मी उघडली.

एकेका रविवारचं एकेक पान. डाव्या बाजूला सेफ्टी, रिसीव्हर, टॅकल अशा खेळाडूंच्या जागा आणि त्यांचे आकडे, सुबक. उजव्या बाजूला, प्रत्येक कराराच्या समोर, बारीक अक्षरात काहीतरी वेगळंच. 'सेफ्टीचा बोनस: हे सांगून झाल्यावर विचारणे, दाढ दुखायची थांबली का.' 'रिसीव्हर सोडला: यानंतर, घरी एकटाच जेवतोस का.' 'टॅकल, चार वर्षं: तो हसला तर विचारणे, कोणी भेटली का.' विचारून झालेल्या प्रश्नांवर बरोबरची खूण होती. पाऊण तासाच्या त्या गडगडाटात हे एवढेएवढेसे प्रश्न लपवून पाठवलेले होते, आणि भिंतीला कान असूनही मला एकही ऐकू आला नव्हता.

प्रत्येक पानाच्या तळाशी एकच ओळ होती. 'गुरुवारचं तिकीट.' तिच्यापुढे खूण नव्हती. एक बाण होता, पुढच्या पानाकडे. पुढच्या पानावर पुन्हा तेच, पुन्हा बाण. मी मागे मागे उलटत गेलो. काकू गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारपर्यंत.

काका चहा घेऊन उभे होते.

"काका, मी... त्या दिवशी बोलायला नको होतं. त्याने सांगू नका म्हणून सांगितलं होतं."

"नकोच होतं," काका म्हणाले. कप ठेवला. "पण आकडा बरोबर होता."

मी वही मिटून त्यांच्याकडे सरकवली.

"तो चौदा वर्षांचा झाला आणि माझ्याशी बोलेनासा झाला," काका खिडकीकडे बघत म्हणाले. "मराठीत नाही, इंग्रजीत नाही. फक्त फुटबॉल. मला तो खेळ आजही कळत नाही रे. बघितला की डोकं दुखतं, म्हणून पाठ करून बसतो. एकदा पेपरात करारांचं आलं, ते कळलं. म्हटलं, चला, आपल्याला घुसायला एक दार मिळालं. आता कळतंय, त्या दाराच्या दोन्ही बाजूंना आम्हीच दोघं उभे, आणि आत घर कुणाचंच नाही."

"त्याला तुमच्याशी बोलायचं असतं, काका. म्हणून तर वाचतो तो."

"ते कळलं. त्याला पण माझ्यासारखंच गणित येतं." चहा निवत होता. "लोकांच्या आयुष्याचं गणित तीस वर्षं मांडलं, संजय. एकदाच घरातलं मांडलं. दोन दिवसांनी चुकलं."

मग त्यांनी वहीवर तळवा ठेवला. म्हणाले, "क्वार्टरबॅकला काढला, ते बरोबरच केलं त्यांनी. लोक उगाच ओरडतायत. डेड मनी दोन वर्षांत वाटून घेता येतो, पण यांनी सगळा यंदाच घेतला. यंदाचं वर्ष वाईट जाईल. जाऊ दे. पुढचं मोकळं."

मी डबा ठेवून उठलो. पावणेचार झाले होते.

आमच्या घरांमागच्या डेक, म्हणजे लाकडी गच्च्या, एकमेकींना लागून आहेत. मी खत टाकायच्या निमित्ताने बाहेर कुंड्यांशी उभा राहिलो. मार्चमध्ये कुंड्यांत नुसती माती असते, ते मेघनाने नंतर सांगितलं. चारला काका फोन घेऊन डेकवर आले. वही नव्हती. पेन्सिलही नव्हती. फोन लागला तसे ते काहीतरी बोलले, एकच वाक्य, इतकं हळू की मधे भिंत नसूनही मला ऐकू आलं नाही.

मग ते गप्प झाले. फोन कानाशीच होता. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पलीकडे निखिल बोलत होता. रविवारी चार वाजता निखिल बोलतोय आणि काका ऐकतायत, असं मी इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. एकदा त्यांनी कठडा धरला. एकदा खांदे हलले, हसले की काय ते कळलं नाही.

माझ्याकडे त्यांची पाठ होती. मी कुंडी तशीच ठेवली आणि आत येऊन दार लावून घेतलं.