किसनकाकांच्या पेटीतलं शेवाळ

किसनकाकांच्या घरावरून कुणी सरळ निघून गेलाय, असं मी कधी पाहिलं नाही. काका ओट्यावर टपलेलेच असत. माणूस दिसला की त्याचा हात धरून आत न्यायचे, खिडकीतल्या काचेच्या पेटीपुढे बसवायचे आणि आवाज खाली आणून विचारायचे, "खरं सांगा, चढलं काय?"

चढलं म्हणजे शेवाळ. त्या पेटीत नदीच्या डोहातलं एक रोप होतं, लांब फितीसारख्या पानांचं, आणि बोटाएवढ्या चार मासोळ्या. पानांवर शेवाळ चढायचं, एवढंच. पण काकांचा चेहरा पाहिला तर घरात कुणाला मुदतीचा ताप आहे असं वाटावं.

आमच्या वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चालायचा, तेव्हाची ही गोष्ट. काका चिखलीच्या कचेरीत नकलनवीस होते. जन्मभर सरकारी कागदांच्या नकला केल्या. शाईचा एक डाग पडला की अख्खा कागद पुन्हा लिहायचा. पेन्शन झाली, नजर मात्र तीच राहिली. मी त्यांचा शेजारी, शाळेत मास्तर, त्यातून शास्त्र शिकवणारा. माझी सुटका कुठली? तोंडात दातवण असतानाच हाक यायची, "मास्तर, लवकर या! तिसऱ्या पानावर टिपका हाये!"

मग पुसणी. बांबूच्या कामटीला जुन्या लुगड्याची मऊ चिंधी, धोतर खोचलेलं, श्वास रोखलेला. पान तुटेल या भीतीनं हात कापायचा आणि हात कापला की पान तुटायचं. त्या दिवशी जेवण नाही. ओढ्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या, तर त्यांनी शेवाळ ठेवलं आणि पान खाल्लं! कुणीतरी मोरचूद टाका म्हणालं. काकांनी तुरीच्या डाळीएवढा खडा टाकला आणि मासोळ्या मरतील म्हणून लगेच त्यांचं धाबं दणाणलं. हंड्यावर हंडे ओढून पाणी बदललं. वर दिवसभर माझ्या वर्गाच्या खिडकीशी येऊन सांगायचे, "अजून हालून राह्यल्या, मास्तर!" पोरं हसून लोळायची. माझी अब्रू गेली ती गेलीच.

खरा उपाय मला पहिल्या दिवसापासून माहीत होता.

"काका, पेटीवर दिवसभर ऊन येते. तोवर शेवाळ हटत नाही. आत कोपऱ्यात ठेवा."

"ते नाही जमत."

"काऊन नाही जमत?"

"नाही जमत म्हंजे नाही जमत. दुसरं सांगा."

असला हट्टी म्हातारा! मी चिडलो आणि महिनाभर त्या घरात पाय टाकला नाही.

पोळा झाला. एका सकाळी लक्षात आलं की चार दिवसांत हाक आलेली नाही. गेलो, तर काका पेटीपुढे बसलेले, मांडीवर एक कार्ड. पानांवर बोटभर शेवाळ आणि कामटी कोरडी.

"यमूले आठवा लागला," ते म्हणाले. "व्याही लिहितात, पाठवतो. दोन महिने झाले, नुसतं लिहूनच राह्यले. यमूची आई बाळंतपणातच गेली, मास्तर. मले लय भेव वाटते."

यमू ही त्यांची एकुलती एक लेक, डोणगावला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. ते रोप लहानपणी तिनंच ओच्यात घालून आणलेलं. आणि काकांनी त्या दिवशी पहिल्यांदाच सांगितलं, सासरी जाताना बैलांच्या दमणीत बसून ती रडत म्हणाली होती, "बाबा, पेटी खिडकीतून हालवू नोका. वळणावरून मले दिसली पाहिजे. दिसली की समजीन, तुम्ही बरे आहात."

मला माझीच लाज वाटली. मग डोकं चालवलं. खिडकीला गोणपाट टांगायचं आणि दमणीची घुंगरं ऐकू आली की ओढून काढायचं. काकांना ते एकदम पटलं.

पंधरा दिवसांत शेवाळ उतरलं, नवं पानही आलं. काकांचा मात्र पार भुगा झाला. कुणाच्याही बैलाची घुंगरं वाजली की ताटावरून उठायचे आणि गोणपाट ओढायचे. बाजाराच्या दिवशी तर त्यांना धाप लागायची. चढलं काय, हे विचारणं बंद झालं होतं. आता मला पाहिलं की विचारायचे, "दिसली काय हो रस्त्यात?"

एका दुपारी मी तिथंच होतो. काका कामटी घेऊन पान पुसत होते. वळणावर घुंगरं वाजली. काकांनी कान टवकारले, दारातून डोकावले आणि पुढच्या क्षणी रस्त्यावर! अनवाणी, कामटी हातात, धोतराचा सोगा मागं लोळतोय, गोणपाट खिडकीला तसंच. त्यांना असं पळताना गावानं कधी पाहिलं नव्हतं.

यमू दमणीतून हळूहळू उतरली. तोंड उतरलेलं, डोळे भरलेले.

"बाबा, खिडकीत पेटी नाही दिसली मले. कुठी हाये पेटी?"

काकांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. कामटी धुळीत पडली होती.

"कोणती पेटी वं माय?"